एक ग्रॅम किडे, एक हेक्टर कपाशी

उझबेकिस्तानातल्या फरगणा खोऱ्यात वऱ्हाडातल्या माणसाला परकं वाटत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, तिला पाटाचं पाणी, बांधावर तुतीची रांग. मी इथल्या सूतगिरणीत कामाला, त्यामुळे कापसाशी माझी गाठ रुईची गाठ आल्यावरच पडते. पण ओळखीच्या एका शेतकऱ्याने, इथे त्याला 'फेर्मेर' म्हणतात, मला तालुक्याच्या 'बायोलाबोरातोरिया'त, म्हणजे जैविक प्रयोगशाळेत नेलं.

बाहेरून जुनं गोदामच. आत एका खोलीत बार्लीवर धान्यातले पतंग वाढवत होते, तेही मुद्दाम! आपल्याकडे कणगीत हे पतंग दिसले की घर डोक्यावर घेतात. इथे त्यांची अंडी गोळा करून त्यांवर ट्रायकोग्रामा सोडतात. हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा मित्रकीटक पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालतो. मग ते अंडं काळं पडतं आणि त्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर येतो. तिथल्या बाईंनी काचेची बाटली उजेडात धरली. तळाशी खसखशीहून बारीक काळी पूड आणि तिच्यातले काही कण चक्क चालत होते. कपाशीत सोडले की हे किडे बोंडअळीच्या अंड्यांचंही असंच करतात. हिशोब असा, की हेक्टरी एक ग्रॅम.

पलीकडे तीन-तीन लिटरच्या बरण्या, तोंडाला कापड बांधलेलं. त्यांत ब्रॅकन, हाही मित्रकीटकच. त्याची मादी अळीला नांगी मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. ट्रायकोग्रामाच्या तावडीतून सुटलेली बोंडअळी याच्या वाट्याला.

हे सगळं सोव्हिएत काळातलं. तेव्हा कापसावर विषाचा इतका मारा झाला, की पुढे अशा प्रयोगशाळा जागोजागी निघाल्या. पण हे काम नाजूक. शेतात बोंडअळीचे पतंग अंडी घालत असतानाच किडे सोडावे लागतात. चार दिवस उशीर झाला की ग्रॅम वाया. त्यात जून-अखेरीपासून 'चिल्ला', म्हणजे चाळीस दिवसांचा कडक उन्हाळा. म्हणून सोडायचे ते सकाळी नाहीतर संध्याकाळी.

मला वाटतं, हे इथे जमलं त्यात हुकुमाचा हात मोठा. कापसाचा सरकारी कोटा २०२० साली उठला, पण तोवर काय पेरायचं ते वरून ठरायचं, शेतं सलग आणि मोठी. सगळ्यांनी एकदम किडे सोडणं सोपं. ती सक्ती आपल्याला नको, कापूस वेचायला बळजबरीने माणसं नेल्याच्या गोष्टी इथे अजून ऐकू येतात. पण पाच एकरांच्या तुकड्यात मी किडे सोडले आणि शेजाऱ्याने त्याच दिवशी फवारणी केली, तर उपयोग काय? फवारणीची किंमत तर २०१७ साली यवतमाळने पाहिलीच आहे, फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली.

आपल्याकडे कृषी विद्यापीठांत ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा असलेली अंडी चिकटवलेली कार्डं, मिळतात. बांधाला बांध लागून असलेल्या चौघा-पाचजणांनी मिळून घ्या. आणि कार्ड लावल्यावर आठवडाभर तरी पंप पाठीवर घेऊ नका.