तुम्हाले म्हणून सांगतो

आमच्या सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कार्यालयात एप्रिल लागला की दोन गोष्टी सुरू होतात: खिडकीतले कुलर आणि बदल्यांच्या बातम्या. कुलरमध्ये निदान पाणी तरी भरावं लागतं. २००५च्या कायद्याने बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या असं ठरवून दिलं आहे. नागपुरात नेमका याच दिवसांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, आणि आत अडकलेल्या माणसांना विषय तर सरकारनेच आणून दिलेला असतो.

बातमी जन्माला कशी येते ते मी अगदी जवळून पाहिलं आहे. आमच्या मागच्या साहेबांनी एकदा शिपायाला सांगितलं, भांडारातली दोन रिकामी खोकी गाडीत ठेव. बस, एवढंच. अकराच्या चहाला आस्थापना शाखेत बातमी होती, "साहेबानं खोकी मागवली." जेवणाच्या सुट्टीत डबे उघडेपर्यंत बंगल्यावरचं सामान बांधून झालं होतं. तीनच्या सुमारास गेटाबाहेरच्या टपरीवर तर्री-पोह्याची प्लेट हातात घेऊन एक अव्वल कारकून माझ्याजवळ सरकले. "कोणाले सांगू नका जी, तुम्हाले म्हणून सांगून रायलो. साहेब गडचिरोलीले चालले म्हणते." गडचिरोलीच का, तर वर कोणाशी तरी वाजलं. कोणाशी, हे त्यांनी भुवई उंचावून सांगितलं. संध्याकाळी निरोप समारंभाच्या वर्गणीचा कागद फिरायला लागला. शाल कुठून आणायची यावर दोन मतं पडली.

खोकी साहेबांच्या मुलाच्या पुस्तकांसाठी होती. तो पुण्याला शिकायला चालला होता.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अफवेचा हिशेब मांडून ठेवला आहे. विषय किती महत्त्वाचा, गुणिले माहिती किती अंधूक. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य झालं की अफवाही शून्य. आमच्याकडे बदली म्हणजे मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचं मेडिकलमधलं औषधपाणी, घराचा हप्ता. तेव्हा महत्त्व काही शून्यावर येत नाही. उरते माहिती. ती साहेबांच्या कप्प्यात कुलूपबंद. मग खोकी दिसली की माणसं खोक्यांवरून अंदाज बांधणार नाहीत तर काय करतील?

साहेबांना वर्गणीची कुणकुण लागली. त्यांनी परिपत्रक काढलं: कार्यालयीन वेळेत अनावश्यक चर्चा टाळावी, अन्यथा योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. सगळ्यांनी वाचल्याच्या सह्या केल्या. त्यानंतर आठवडाभर कार्यालयात एकच चर्चा, परिपत्रक नेमकं कोणासाठी आहे.

अधिवेशनाचा महिना वेगळा. १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाला वर्षातून एक अधिवेशन देऊ केलं, तेव्हा त्याबरोबर मंत्रालयातल्या गप्पाही डिसेंबरात घाऊक भावाने येतील, हे कोणाच्या ध्यानात आलं नसावं. मुंबईहून आलेल्या कक्ष अधिकाऱ्याने संत्री सोलता सोलता काही म्हटलं की ते आमच्याकडे शासन निर्णयाइतकंच पक्कं मानतात.

साहेबांच्या जागी मॅडम आल्या. त्यांनी परिपत्रक वगैरे काढलं नाही. दर सोमवारी सगळ्या शाखांना बोलावून दहा मिनिटं उभ्याउभ्या सांगायच्या: यादी वर गेली आहे, आदेश निघालेले नाहीत, निघाले की त्याच दिवशी फलकावर लागतील, आणि अमुक गोष्ट मलाही माहीत नाही. शेवटचं वाक्य ऐकून पहिल्या सोमवारी लोक चमकलेच. अधिकाऱ्याला माहीत नसतं हे आम्हाला ठाऊक होतं, तो ते बोलून दाखवतो हे नवीन होतं. महिन्याभरात टपरीवरचा बाजार निम्म्यावर आला. टपरीवाल्याची तक्रार मी स्वतः ऐकली आहे.

पण कागदाने मरते ती बदलीची अफवा. माणसाची नाही. आमच्याकडे एक तरुण लिपिक मुलगी संध्याकाळी सगळे गेल्यावरही जिन्यात फोनवर बोलत उभी असायची. त्यावरून काय काय रचलं गेलं ते सांगत नाही. खरं कारण मला कळलं होतं, तेही सांगत नाही. नाहीतर मी कोणता वेगळा! असल्या बोलण्याला लोक गंमत म्हणतात, पण बाईविषयीची लैंगिक शेरेबाजी ही २०१३च्या कायद्यात छळाच्या व्याख्येत बसते, आणि दहा माणसांच्या कार्यालयातही त्यासाठी समिती असावी लागते. समितीचा फलक आमच्याकडे बारनिशीच्या, म्हणजे आलं-गेलं टपाल नोंदवायच्या, टेबलामागेच आहे. त्याच्याखाली उभं राहूनच हे चालायचं.

ते थांबवलं बारनिशीच्या काकूंनी. त्या टपालावर शिक्के मारत होत्या. एक महाशय सुरू झाले, "काकू, तुम्हाले माहीत आहे काय..." गोष्ट सांगणाऱ्याला समोरून हुंकार लागतो. काकूंनी तो दिलाच नाही. शिक्का मारायचा थांबवला आणि शांतपणे म्हणाल्या, "थांबा जी भाऊ, पोरीले बोलावते. तिच्यासमोरच सांगा." भाऊंना एकदम आठवलं की त्यांची नस्ती लेखा शाखेत पडून आहे.

सगळ्याच गप्पांना झोडपावं असं मला वाटत नाही. कॅलिफोर्नियातल्या २०१९च्या एका अभ्यासात माणूस दिवसाला सरासरी ५२ मिनिटं इतरांविषयी बोलतो असं निघालं, आणि त्यातलं तीन चतुर्थांश बोलणं ना चांगलं ना वाईट, नुसतंच. आमच्याकडे ५२ मिनिटांत तर्री गरम व्हायची, ते सोडा. पण कोणाच्या वडिलांना रक्त हवंय, कोणाची मुलगी दहावीत अडली, हे मला याच वाटेने कळलं आहे. कोणतंही परिपत्रक ते सांगायला आलं नव्हतं.

या मे महिन्यात एका सोमवारी मॅडमनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "माझी बदली झाली आहे, अमरावतीला. विनंतीवरून. आई तिथे एकट्या असतात." आदेशाची प्रत फलकावर लावून त्या आत गेल्या.

फलकापुढे चार जण उभे राहून ती वाचत होते. अव्वल कारकुनांनी दोनदा वाचली, मग माझ्याकडे वळले. "विनंतीवरून म्हणते," ते हळूच म्हणाले, "पण काहून सांगितलं असंल बाप्पा त्यायनं स्वतःहून?"