फोर्ट मायर्सला पिचर बघायला

फेब्रुवारीत बॉस्टनहून निघताना रस्त्याच्या कडेला बर्फाचे मळके ढीग असतात. साडेतीन तासांनी फोर्ट मायर्सच्या विमानतळावर उतरलं की जाकीट काखोटीला मारायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि डॅनियल्स पार्कवेला लागायचं. रेड सॉक्स या बॉस्टनच्या बेसबॉल संघाचं सरावाचं मैदान, जेटब्लू पार्क, तिथून अगदी जवळ आहे. फ्लोरिडात मोसमाआधीचा, वसंत ऋतूचा सराव करणारे संघ पंधरा आणि अॅरिझोनात पंधरा. आमचा संघ फ्लोरिडातला, म्हणून दर वर्षी जमेल तेव्हा आम्ही इकडे येतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी लेक. तिला सह्या हव्या असतात, मला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, बघायचे असतात.

जेटब्लू पार्क २०१२ साली सुरू झालं. मुख्य मैदान बॉस्टनच्या फेनवे पार्कच्याच मापाचं आहे, डाव्या बाजूच्या हिरव्या भिंतीसकट. फेनवेची भिंत ३७ फुटांची, इथली तिच्याहून उंच आणि तिच्या पोटात बसायच्या जागाही केलेल्या. पण ज्याला खेळाडू जवळून बघायचे आहेत त्याने मुख्य मैदानाकडे न जाता सरळ मागच्या सराव मैदानांकडे वळावं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून सराव सामने सुरू होतात आणि गर्दी वाढते. फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात, फक्त पिचर आणि त्यांचे चेंडू झेलणारे कॅचर दाखल झालेले असताना, सकाळच्या सरावाला तिकीटही लागत नाही. एका जाळीच्या कुंपणापलीकडे कोट्यवधी डॉलरचे हात चेंडू टाकत असतात आणि आपण हातभर अंतरावर उभे असतो.

२०२५चा फेब्रुवारी आमच्यासाठी खास होता, कारण डिसेंबरात आमच्याकडे आलेला पिचर गॅरेट क्रोशे पहिल्यांदाच आमच्या संघाच्या कपड्यांत दिसणार होता.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. सामना सुरू करणारा, म्हणजे स्टार्टिंग पिचर, साधारण पाच दिवसांतून एकदाच खेळतो. त्या दिवशी तो शंभरेक चेंडू टाकतो आणि सामना बहुतांशी त्याच्या हातात असतो. उरलेले चार दिवस तो हात सांभाळतो. असे पाच चांगले स्टार्टर जमवणं हे कुठल्याही संघापुढचं सर्वांत अवघड आणि सर्वांत महागडं काम. फलंदाज मोसमभर रोज खेळतो, त्याचा अंदाज बांधता येतो. पिचरचा कोपर कधी जाईल हे कुणी सांगू शकत नाही. कोपरातला स्नायुबंध तुटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते. ती १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केली, म्हणून हे नाव. त्यानंतर पुन्हा मैदानात यायला वर्ष-दीड वर्ष जातं. क्रोशेचीसुद्धा ही शस्त्रक्रिया २०२२ साली झालेली.

असा हात मिळवण्याचे ढोबळ मार्ग दोन. एक, करार संपून हिवाळ्याच्या बाजारात मोकळा झालेला पिचर पैसे मोजून घ्यायचा. तो बहुधा तिशीच्या आसपास पोचलेला असतो. दुसरा, आपल्या खालच्या संघांत तयार होणारी होतकरू पोरं दुसऱ्या संघाला देऊन त्यांचा तरुण पिचर घ्यायचा, म्हणजे ट्रेड. मी ठामपणे दुसऱ्या मार्गाचा आहे, आणि आमच्याच संघाचा इतिहास माझ्या बाजूने आहे. पेड्रो मार्टिनेझ १९९७ च्या नोव्हेंबरात माँट्रियलकडून आला, दोन तरुण पिचरांच्या बदल्यात. कर्ट शिलिंग २००३ च्या नोव्हेंबरात अॅरिझोनाकडून. या दोघांनी २००४ साली विजेतेपदाचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला. जॉश बेकेट २००५ साली फ्लोरिडा मार्लिन्सकडून आला आणि २००७ चं विजेतेपद त्याच्या हातावर आलं. ख्रिस सेल २०१६ साली शिकागो व्हाइट सॉक्सकडून, आणि २०१८ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम फेरीचा, शेवटचा बळी त्यानेच घेतला.

किंमत कमी मोजली असं मात्र नाही. बेकेटसाठी दिलेला हॅनली रामिरेझ पुढच्याच वर्षी नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २००९ साली त्याने तिथे फलंदाजीत सर्वोच्च सरासरीचा मान मिळवला. त्याच्याबरोबर गेलेल्या अनिबाल सांचेझने २००६ साली नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिली नाही. तरीही तो व्यवहार मी आज पुन्हा करीन. विजेतेपद ठरतं त्या ऑक्टोबरात असा पिचर लागतो, आणि तो वेळेवर घरात तयार झालेला असेलच असं नाही.

सेलची पुढची गोष्ट दुखरी आहे. २०१९ च्या मार्चमध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा साडेचौदा कोटी डॉलरचा करार झाला, एका वर्षाने कोपर गेला, आणि २०२३ च्या डिसेंबरात आम्ही त्याला अटलांटाला देऊन टाकलं. २०२४ साली त्याने तिथे सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. त्या वर्षी मी त्याचे सामने मनापासून बघितले. त्याचा स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा वेगवान चेंडू, सुटताना बघणं ही मोठी गोष्ट होती आणि तो कुठल्या टोपीत टाकतोय याने त्यात फरक पडत नाही.

तर डिसेंबर २०२४. व्हाइट सॉक्सने त्या मोसमात १२१ सामने हरले होते. त्यांच्याकडे विकण्यासारखं सर्वांत मोठं नाव क्रोशेचं. साडेसहा फूट उंच, डावखुरा, पंचविशीचा, स्टार्टर म्हणून पहिल्याच वर्षी १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज. रेड सॉक्सने चार पोरं दिली : कॅचर काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन मॉन्टगोमरी, इनफिल्डर चेस मायड्रॉथ आणि पिचर विकेलमन गोन्सालेस. टील २०२३ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, चौदावा, मॉन्टगोमरी २०२४ चा बारावा.

बातमी आली तेव्हा लेक शाळेतून नुकतीच आली होती. माझा आनंद तिला कळेना.

“बाबा, टील गेला?”

“हो, पण क्रोशे आला की गं.”

“त्याने माझ्या बॉलवर सही केलीय.”

खरंच केली होती, आदल्या वर्षीच्या सरावात, मागच्या मैदानावरून परत जाताना. मागच्या मैदानांवरची पोरं थांबून सही करतात, कारण त्यांच्याभोवती अजून गर्दी जमलेली नसते. काही जण नाव विचारतात, पूर्ण अक्षरं काढतात. मोठा संघ मिळाला आणि रोज शेकडो सह्यांची मागणी सुरू झाली की त्याच सहीचं एक अक्षर आणि एक रेघ उरते. सहीखाली खेळाडू अंगावरचा नंबर लिहितात, तोही बघण्यासारखा असतो. शिबिराला आलेल्या होतकरूंना सत्तर-ऐंशीच्या पुढचे नंबर मिळतात आणि मोठ्या संघात जागा पक्की झाली की नंबर खाली येतो. म्हणजे सहीवरून ती कोणत्या काळातली हे कळतं.

चेंडूबद्दलही सांगायला हवं, कारण नवखे इथेच फसतात. मेजर लीगचा रॉलिंग्ज कंपनीचा चेंडू कोस्टा रिकात हाताने शिवला जातो. लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके. दोन शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात ती अरुंद पट्टी सहीची मानाची जागा, तिला स्वीट स्पॉट म्हणतात. सही निळ्या बॉलपेनानेच घ्यावी. मार्करची शाई चामड्यात पसरते आणि काही वर्षांत अक्षरांच्या कडा धूसर होतात. चेंडू हातात देताना स्वीट स्पॉट वर ठेवून द्यायचा, पेनाचं टोपण आधीच काढायचं. आणि घरी उन्हापासून दूर ठेवायचा, खिडकीतली सही बघता बघता फिकी पडते. विकत घेतलेल्या सहीवर माझा विश्वास नाही. बेब रूथच्या खोट्या सह्या किती फिरत होत्या हे १९९० च्या दशकात एफबीआयने केलेल्या तपासात बाहेर आलं. आपल्या डोळ्यांसमोर झालेल्या सहीला दाखल्याची गरज नसते.

क्रोशेच्या सरावाच्या सकाळी आम्ही लवकर पोचलो. डब्यात थालीपीठं होती, ती गाडीतच संपवली. पिचरांना फेकण्यासाठी मातीचे उंचवटे एका रांगेत आहेत, आणि प्रेक्षक जाळीमागे. तो आला तेव्हा आधी लक्ष गेलं ते खांद्यांकडे. मग त्याने टाकायला सुरुवात केली. उंचवट्यापासून फलंदाजापाशी असलेल्या प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच, म्हणजे आपल्या २२ यार्डांच्या खेळपट्टीहून कमी. तो हात बाजूने, बऱ्याच खालून आणतो, त्यामुळे चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत तिरका घुसतो. कॅचरच्या ग्लोव्हजमधून येणारा आवाज इतरांपेक्षा वेगळा होता. आधीचे दोघे टाकत होते तेव्हा लोक गप्पा मारत होते. क्रोशेच्या चौथ्या-पाचव्या चेंडूनंतर जाळीपाशी कुणी बोलेना. स्वीपर, म्हणजे बाजूला लांबवर वळणारा चेंडू, टाकला की कॅचरचा ग्लोव्ह प्लेटच्या पार पलीकडे जायचा. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, फेनवेला लहानपणापासून जाणारे. ते नुसते मान डोलावत होते.

ज्या दिवशी फेकायचं असतं त्या दिवशी पिचर आधी सहसा थांबत नाहीत, त्यामुळे आम्ही सराव संपेपर्यंत उन्हात उभे राहिलो. परत जाताना तो मुलांच्या रांगेशी थांबला. लेकीने टीलचाच चेंडू पुढे केला. टीलची सही स्वीट स्पॉटवर होती, क्रोशेने शेजारच्या पट्टीवर केली. शेजारचे गृहस्थ हळहळले. एका चेंडूवर एकच सही असली तर त्याची किंमत राहते, असं त्यांचं म्हणणं, आणि संग्राहकांच्या बाजारात ते बरोबरही आहे. पण लेकीचा विचार मला फार आवडला. तिला त्या व्यवहाराचा चेंडू करायचा आहे : जो आला तो आणि जे गेले ते चौघे, सगळे एकाच चेंडूवर. मायड्रॉथ एप्रिलमध्येच शिकागोकडून मोठ्या संघात उतरला, टील आणि गोन्सालेस जूनमध्ये. मॉन्टगोमरीची जागाही तिने राखून ठेवली आहे.

दुपारी आम्ही थॉमस एडिसन आणि हेन्री फोर्ड यांच्या हिवाळी घरांकडे गेलो. तिथला वड बघायचाच होता. टायर कारखानदार हार्वी फायरस्टोनने १९२५ च्या सुमारास एडिसनला भेट दिलेलं भारतातलं रोप आज जवळजवळ एकरभर पसरलं आहे. पारंब्यांमधून फिरताना लेकीला वटपौर्णिमा सांगत होतो. त्याच दशकात फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स संघ याच गावात सरावाला येई आणि एडिसनने म्हातारपणी त्या काळचा नामांकित खेळाडू टाय कॉबसमोर बॅट हातात घेतली होती. बेसबॉल या गावात शंभर वर्षं मुरलेला आहे.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला ब्रॅडेंटनला गेलो. तिथे पिट्सबर्ग पायरेट्स सराव करतात, १९२३ सालापासूनचं जुनं, देखणं मैदान. माझ्यासाठी ते गाव रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल यांचं. उत्तर प्रदेशातल्या या दोन पोरांनी भालाफेकीवर तयार झालेले हात घेऊन २००८ साली एक चेंडूफेकीची स्पर्धा गाजवली, अमेरिकेत येऊन बेसबॉल शिकले आणि त्याच वर्षी पायरेट्सशी करारबद्ध झाले. मेजर लीगपर्यंत ते पोचले नाहीत. पण याआधी कधी बेसबॉल न खेळलेली पोरं काही महिन्यांत व्यावसायिक पिचर होतात, यात केवढी मेहनत आहे हे त्या मैदानांवर पोरांचा सराव बघताना कळतं. त्या दोघांची सही असलेला चेंडू मिळाला तर मी तो क्रोशेच्या चेंडूच्या वर ठेवीन.

मार्च संपता संपता क्रोशेने सहा वर्षांचा १७ कोटी डॉलरचा करार केला. मला वाटतं, हीच खरी पद्धत. तरुणपणी ट्रेडने आणायचा, मग बाजारात जाण्याआधी बांधून ठेवायचा. त्या मोसमात त्याने १८ सामने जिंकले आणि २५५ स्ट्राइकआउट घेतले, अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक. सप्टेंबरच्या अखेरीस यांकी स्टेडियमवर बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. पावणेआठ इनिंगच्या आसपास, ११ स्ट्राइकआउट, एकही वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा फुकटचा बेस) नाही, आणि शेवटचा, ११७वा चेंडू ताशी १०० मैलांच्या वर. तो सामना जिंकलो. पुढचे दोन हरून बाहेर पडलो.

त्या दोन पराभवांनी दुसऱ्या स्टार्टरची गरज दाखवून दिली. नोव्हेंबरात सेंट लुईसकडून सनी ग्रे आला, रिचर्ड फिट्स आणि ब्रँडन क्लार्क या दोन पिचरांच्या बदल्यात. ग्रे तेव्हा छत्तीस वर्षांचा होता, त्याच्यात उद्याचा विचार नाही. पण क्रोशेच्या पाठोपाठ दुसऱ्या दिवशी अनुभवी हात हवा, म्हणून मला तो व्यवहार पटला. जे पटणार नाही ते आत्ताच सांगून ठेवतो. पेटन टॉली आणि कॉनेली अर्ली, दोघेही डावखुरे, दोघेही २०२५ च्या उन्हाळ्याअखेर पहिल्यांदा मोठ्या संघात उतरले. अर्लीने पदार्पणातच पाच इनिंगमध्ये ११ स्ट्राइकआउट घेतले. दुसरे संघ ट्रेडच्या बोलण्यात यांचीच नावं आधी घेतील. या दोघांना कुठल्याही पिचरसाठी सोडू नये. येत्या फेब्रुवारीसाठी लेकीने दोन कोरे चेंडू काढून ठेवले आहेत, दोघांना वेगवेगळे.