नुसतं बोलून काय होतं?

मी थेरपी घेतली हे कळलं की बहुतेक जण आधी विषय बदलतात. मग बाकीचे उठून गेल्यावर हळूच विचारतात, "पण तिथे नुसतं बोलून काय होतं?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते.

माझी चिंता बाहेरून चिंता वाटायचीच नाही. काळजी करणारी आई, एवढंच. मुलीला घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला की छाती धडधडायची, तळहात गार पडायचे आणि डोळ्यांसमोर अपघात उभा राहायचा, अगदी तिच्या चपलांसकट. मग फोन. तिने उचलला की हायसं वाटायचं. नाही उचलला तर पुन्हा फोन, मग मैत्रिणीला फोन. हृदयाचं काही असेल म्हणून ईसीजी काढला, थायरॉइड तपासलं (हे तपासावंच, थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड होते). सगळं नॉर्मल. डॉक्टरांनीच मग थेरपिस्टकडे पाठवलं.

मला वाटलं होतं, त्या धीर देतील. त्यांनी विचारलं, "फोन केल्यावर किती वेळ बरं वाटतं?"

"पाचेक मिनिटं," मी म्हणाले, आणि स्वतःचं उत्तर ऐकून गप्प झाले.

त्यांनी कागदावर एक गोल काढून दाखवला. मनात शंका येते, शरीर धोका समजून अ‍ॅड्रिनलिन सोडतं, धडधड वाढते, आपण फोन करतो, सुटका होते. मेंदू यातून एकच धडा घेतो: फोन केला म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घाबरवतो. हा गोल तोडायच्या पद्धतीला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी) म्हणतात. अ‍ॅरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात ती नैराश्यासाठी मांडली, पुढे चिंतेवरही ती वापरली जाऊ लागली.

मग एक वही ठेवायला सांगितली. उशीर झाला तरी पंधरा मिनिटं फोन करायचा नाही आणि दर तीन मिनिटांनी भीती शून्य ते शंभरमध्ये किती, ते लिहायचं. पहिल्या संध्याकाळी मी घड्याळासमोर बसले. ८०. ९०. पुन्हा ९०, इथे पेन इतकं दाबलं गेलं की मागच्या पानावर वळ उठला. मग ७५. मग ६०. मुलगी अजून आलेली नव्हती. दाराची कडी वाजली नव्हती, कुणी मला काही सांगितलं नव्हतं, आणि तरी भीती उतरली होती. इतकी वर्षं मी समजत होते की ती फोनमुळे उतरते. त्या ६०कडे मी किती वेळ बघत बसले होते.

नुसतं बोलून होतं ते एवढंच, की असा प्रयोग करायचं बळ येतं. खरं काम दोन भेटींच्या मधल्या आठवड्यात घरी होतं. म्हणूनच थेरपिस्टला बेधडक विचारा: कुठल्या पद्धतीने काम करता, साधारण किती भेटी लागतील? माझ्या आधीच्या थेरपिस्ट फक्त मान डोलवायच्या. तिथे मी उगाच चार महिने घालवले, याची मला अजून हळहळ वाटते.

गोळ्यांचं म्हणाल, तर त्या मानसोपचारतज्ज्ञ देतात. चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनाने त्या एकदम बंद करायच्या नसतात. मलाही काही महिने लागल्या. त्यात कमीपणा नाही.

झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, लोकांना भेटणं टळत असेल, तर आणखी वाट बघू नका. जगणंच नको वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

आणि पहिल्या भेटीत काय बोलायचं ते सुचलं नाही, तर परवाचीच एखादी घाबरलेली संध्याकाळ सांगा. किती वाजले होते, कुठे बसला होतात, हाताने काय करत होतात. तिथून सुरुवात होते.