तुम्ही विचारलंत म्हणून: लघुग्रहांचं वय

"हात न लावलेल्या दगडाचं वय तुम्हाला कळतं कसं?" इंदूरात नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात. एक आकडा सांगितला की त्यांचं समाधान होतं. त्यातली चूक किती हेही सांगितलं की चेहरे बदलतात. म्हणून एकदा नीट लिहितो.

आमच्या भागातल्या गणेशोत्सवात मी यावर बोललो होतो. १९१८ साली जपानच्या कियोत्सुगु हिरायामांनी मिळत्याजुळत्या कक्षांवरून लघुग्रहांची कुळं ओळखली, मोठा लघुग्रह टक्कर होऊन फुटला की तुकडे जवळपास त्याच वाटेनं फिरत राहतात, इथवर सभा सोबत होती. मग म्हणालो, "कोरोनिस कुळ साधारण दोन अब्ज वर्षांचं, अब्जभर इकडेतिकडे." मागून एक काका ओरडले, "म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे!" मांडव हसला. पुढे बसलेली एक मुलगी सगळं वहीत उतरवत होती. तिनं तो आकडा खोडला. मी उत्तर द्यायला लागलो तेवढ्यात आभार मानले गेले, आरती सुरू झाली, आणि मुलगी गर्दीत दिसेनाशी झाली. काकांवरचा माझा राग केव्हाच गेला. तो खोडलेला आकडा अजून सलतो.

कारण तो अंदाजपंचे नव्हता. उन्हानं तापलेला लघुग्रह स्वतःभोवती फिरताना उष्णता बाहेर टाकतो. त्या सूक्ष्म रेट्यानं त्याची कक्षा सरकत जाते. लहान तुकडे जास्त सरकतात, मोठे कमी. सूर्यापासूनचं अंतर आणि आकार आलेखावर मांडले की इंग्रजी व्ही (V) अक्षर उमटतं; तो व्ही जितका पसरट, तितकं कुळ जुनं. चूक शिरते ती घनता आणि पृष्ठभागाचे गुणधर्म नेमके ठाऊक नसल्यामुळे. कारिन कुळ कोवळं आहे, त्याच्या कक्षा गणितानं मागे नेता येतात. ५८ लाख वर्षांपूर्वी त्या एका दिशेला येतात. अब्जावधी वर्षं तसं मागे जाता येत नाही, गणित विस्कटतं. तरीही २०१७ साली व्हीच्या आधारानंच लघुग्रह पट्ट्याच्या आतल्या भागात सुमारे चार अब्ज वर्षांचं कुळ सापडलं. सूर्यमालेचं वयच ४.५७ अब्ज!

तरुणपणी मी म्हणायचो, आकड्यात चूक किती असू शकते हा विषय श्रोत्यांसमोर काढू नये, विश्वास उडतो. मांडवात तेच घडलं, खरं आहे. पण नुसतं 'दोन अब्ज' म्हणालो असतो, तर त्या मुलीच्या वहीत अर्धवट गोष्ट गेली असती, तीही माझ्या तोंडची. यातलं काय बरं, माझं अजून ठरत नाही. पुन्हा बोलावलंत तर मी 'अब्जभर इकडेतिकडे' म्हणणारच. त्याआधी व्ही काढेन, घनतेचा हिशेब मांडेन. आभार तेवढे त्यानंतर माना.