मुंबईचे ३४ अंश कुत्र्याला जड का जातात

मे महिन्यात विदर्भ ४५ अंशांवर तापलेला असतो आणि मुंबईचा पारा ३४च्या आसपास, म्हणून इथली कुत्री पाळणारी माणसं निर्धास्त राहतात. चूक तिथेच होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडवायचा, एवढाच त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग. दमट हवेत तो ओलावा नीट उडत नाही. मग धाप वाढते आणि त्या कष्टानेच अंग आणखी तापतं. पग, शिह त्झू, बुलडॉग आणि पर्शियन मांजरं यांची नाकं चपटी, त्यामुळे त्यांना हे सगळ्यात आधी भोवतं.

नुसता पंखा लावून म्हणूनच फारसं साधत नाही. आधी पोट, काखा, मांड्यांची आतली बाजू आणि पंजे ओल्या फडक्याने पुसा, मग पंखा सोडा. पाण्यावर चालणारा कूलर बंद खोलीत दमटपणा वाढवतो. ते पैसे वाचवा. हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्याचे केस मुळापासून काढू नका, ते उन्हापासून कातडी वाचवतात. विंचरून गळालेले केस तेवढे काढा.

फिरवायचं सकाळी ७च्या आत किंवा रात्री ८ नंतर. संध्याकाळी ६ला ऊन कलतं, पण डांबर आणि पेव्हर ब्लॉक तापलेलेच असतात. हाताची मागची बाजू रस्त्यावर ७ सेकंद टेकवा. चटका बसला तर परत फिरा. पाणी दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली, म्हणजे २५ किलोच्या लॅब्रडॉरला साधारण सव्वा ते दीड लिटर. उन्हाळ्यात त्याहून जास्तच लागतं. बंद गाडीत मात्र पाच मिनिटंही ठेवू नका, काच थोडी खाली असली तरी नाही.

जीभ गडद लाल किंवा जांभळट, लाळ चिकट आणि तारेसारखी, चालताना झोकांड्या, उलटी: हा उष्माघात. आधी थंड करायचं, मग डॉक्टरकडे पळायचं. त्याला मोरीत न्या, नाक-तोंड वाचवून नळाचं पाणी अंगावर ओतत राहा आणि पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. तो लगेच गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉल अजिबात नाही: उष्माघात हा ताप नव्हे, त्यावर ती गोळी चालत नाही, आणि मांजराचा तर तिने जीव जातो. गुदद्वारात थर्मामीटर लावता येत असेल तर १०३ फॅरेनहाइटला पाणी थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा गार पडतं. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ असतं.

उठून शेपूट हलवायला लागला तरी डॉक्टरकडे न्याच, टॅक्सीत एसी लावून. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया पुढच्या दोन-तीन दिवसांतही बिघडू शकते, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

पाऊस पडला की हे सगळं विसरायला होतं. ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा हेच पाळावं लागतं.