जांभई

शनिवार, २७ डिसेंबर २०२५. रात्रीचे सव्वाअकरा.

"ही जांभई खरी आहे बघ. मी बोलायला लागले की तुला येते ना, तश्शी."

एवढं बोलून आई मटारच्या सालांची परात उचलून आत गेली. तिच्या लेखी विषय संपला. आतून विरजणाच्या पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला, मग स्वयंपाकघरातला दिवा गेला. मी रिमोट धरून तशीच बसलेली. पडद्यावर मालिकेतला पोरगा, ओवेन कूपर, ओशाळून हसत होता आणि मला वाटलं, हा मलाच हसतोय.

दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी वहीच्या मागच्या पानांवर त्या वर्षीची नटनट्यांची कामं लिहून ठेवते. मालिका नव्हे, कामं. कुणाचं काम डोक्यातून उतरलं नाही, ते. कुणी विचारत नाही, मी कुणाला दाखवत नाही. एरवी हे सगळं माझ्या खोलीत, कानात इअरफोनचे बोळे घालून चालतं. आज टॅबच्या चार्जरनं मान टाकली, म्हणून आईची 'ठरलं तर मग' संपायची वाट बघितली आणि हॉलमधल्या टीव्हीवर 'ॲडोलेसन्स' या ब्रिटिश मालिकेचा तिसरा भाग पुन्हा लावला. आई उठून जाईल असं वाटलं होतं. तिचे मटार राहिले होते.

तो भाग म्हणजे एक खोली, एक टेबल, खुनाचा आरोप असलेला तेरा वर्षांचा पोरगा आणि त्याला तपासायला आलेली मानसशास्त्रज्ञ. कॅमेरा एकदा सुरू झाला की भाग संपेपर्यंत कट नाही. चारही भाग तसेच केलेत. त्यात शूटिंग या तिसऱ्या भागापासून सुरू झालेलं, आणि पोरगा त्याआधी कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला नाही. मध्येच त्याला जांभई येते. ती संहितेत नव्हती. दमला होता बिचारा, आली. समोरची एरिन डोहर्टी थांबली नाही, बावरली नाही. तिनं त्या बाईच्याच तोंडून विचारलं, कंटाळा आणतेय का मी तुला? तो हसला. आणि ते तसंच ठेवलं.

मला हे मुलाखती वाचून माहीत. आईला यातलं काही माहीत नाही. इंग्रजी झेपत नाही, खालच्या ओळी वाचेपर्यंत निघून जातात, आणि कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून फ्रिजवरच्या डबीत. ती मटार सोलता सोलता नुसती तोंडं बघत होती. आणि एवढ्या कसलेल्या खोट्यातून तिनं एकमेव खरी गोष्ट नेमकी वेचून काढली. दाद द्यायला हवी. दिलीही असती, पुढचं वाक्य आलं नसतं तर.

तश्शी.

मी कधी तोंड उघडून जांभई देत नाही. दात आवळून, जीभ टाळूला लावून, ती नाकातून हळूच सोडून द्यायची. वर्षानुवर्षं मीटिंगांमध्ये बसून घोटवलेली विद्या आहे ही. अख्ख्या हिंजवडीत कुणाला पत्ता लागलेला नाही. आणि या बाईला दिसते. नुसती दिसत नाही, ओळखीची आहे तिच्या. म्हणजे कधीपासून?

आणि मी करते ते? रविवारी गोळ्यांचे डबे भरते, बँकेत तिच्या सह्या जुळत नाहीत म्हणून तीनदा खेपा घातल्या, डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी सुट्टी कुणी घेतली होती? दादा रविवारी वीस मिनिटं व्हिडिओ कॉल करतो, तर "तो किती मन लावून ऐकतो गं." वीस मिनिटं मीपण ऐकेन मन लावून. आठवड्यातून वीस मिनिटं तर मी तिच्या दुधवाल्याचंही ऐकेन.

जाऊ दे. वही काढली आणि नावं लिहायला घेतली.

पहिलं नाव जानेवारीतच टिपून ठेवलेलं होतं. 'पाताल लोक'च्या दुसऱ्या सीझनमधला जयदीप अहलावत. लॉ कॉलेज रोडवरून जाताना एफटीआयआयचं, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटचं, फाटक दिसलं की मला हा माणूस उगाचच आपला वाटतो, २००८ साली तिथूनच शिकून बाहेर पडलेला. त्याचा पोलीस हाथीराम समोरचा बोलत असताना नुसता बघत राहतो. एवढा मोठा देह, आणि कळणं त्यात विहिरीतून बादली यावी तसं हळूहळू वर येतं. अन्सारी आधी त्याच्या हाताखालचा पोरगा, आता आयपीएस होऊन वर बसलेला. त्याच्याशी बोलताना ह्याला कौतुकही वाटतंय आणि हात कुठे ठेवावेत तेही कळत नाहीये. आणि पुढे अन्सारी गेल्याचं कळतं तेव्हा… ते मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा नाही बघणार.

मग 'द पिट'. एका इमर्जन्सी विभागातली एक शिफ्ट, पंधरा भागांत पंधरा तास. सप्टेंबरात त्यातल्या नोआ वाइलीला टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं, ठीकच आहे, पण माझं मत कॅथरीन लनासाच्या डेनाला. मुख्य नर्स. (तिलाही मिळालं, म्हणजे अधूनमधून परीक्षकांना कळतं.) चार जण चार दिशांनी बोलतायत आणि ती प्रत्येकाला अर्ध्या नजरेत उत्तर देतेय. बाहेर सिगारेट ओढताना एक पेशंट येऊन तोंडावर ठोसा मारतो, त्यानंतर ती आत येऊन कामाला लागते. बाबांच्या वेळी रात्रपाळीला अशीच एक सिस्टर होती. ते आज नको.

'खौफ'मधली गीतांजली कुलकर्णी. मला भुतं झेपत नाहीत, तिच्यासाठी उशी पोटाशी धरून बघितली.

आणि एरिन डोहर्टी. ओवेन कूपरचं नाव सगळेच घेतील. पंधराव्या वर्षी एमी, अभिनयाचं एमी घेणारा सगळ्यात लहान मुलगा. घ्यायलाच हवं, खुर्चीवरून उठून अंगावर येतो तेव्हा मी मागे सरकते, दुसऱ्यांदा बघतानासुद्धा. पण तो उठू शकतो, कारण समोर कुणीतरी बसून राहिलंय. ती घाबरलीय, ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाहीये, आणि तरी त्याचा शब्द न् शब्द तिच्यात जाऊन पडताना दिसतो. शेवटी एकटी उरते तेव्हा त्यानं अर्धवट खाल्लेलं सँडविच उचलायला जाते आणि हात मागे घेते. तेव्हा कळतं, तिनं किती आत घेतलं होतं.

एवढं लिहून झालं, वरून खाली नजर टाकली आणि माझंच मला हसू आलं. चौघांपैकी तिघांना मी दाद दिलीय ती ते बोलत नसतानाची. ऐकत असतानाची. अख्खं वर्ष मी माणसं ऐकताना बघत होते, कानात बोळे घालून, दार लावून. बाहेर आई भिंतीशी बोलत होती. हे माझ्या लक्षात यायला तिला अर्धा किलो मटार सोलावे लागले.

यावर कुणी म्हणेल, तुला अभिनयातलं काय कळतं? तर मी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर काम केलेलं आहे. चाळीस मिनिटं. एकही वाक्य नव्हतं. कोपऱ्यात स्टुलावर बसलेली बहीण, आमचा दिग्दर्शक म्हणाला होता, तू फक्त ऐक, बाकी काही करू नकोस. मी मान कलती ठेवून, ओठ जरा विलग ठेवून असं काही ऐकलं की मागच्या रांगांतून "आव्वाज कुणाचा" ओरडणाऱ्या आमच्या पोरांनीही नंतर पाठ थोपटली. प्रत्यक्षात मी प्रयोगानंतर वडापाव खायचा की मिसळ, याचा विचार करत होते. आई बघायला आली होती. रिक्षात म्हणाली, "मधे तुझं लक्ष नव्हतं." तेव्हा मी चिडले होते. चारशे माणसांत एकीला दिसलं, आणि ती नेमकी माझ्या घरात राहते.

पण मला बोचतंय ते हे नाही. मला बोचतोय ऑगस्ट.

१६ ऑगस्ट, दहीहंडी होती, दुपारपासूनच चौकात स्पीकरच्या भिंती थरथरत होत्या, खिडकीच्या काचा वाजत होत्या. आई हॉलमधून आली आणि म्हणाली, "गेली गं." मी फोनमधून मान वर न काढता विचारलं, कोण? "पूर्णाआजी." मी म्हणाले, "मालिकेत मेली?"

'ठरलं तर मग'मधली पूर्णाआजी करणाऱ्या ज्योती चांदेकर गेल्या होत्या. इथंच, पुण्यात.

आई पलंगाच्या कडेवर बसली आणि बोलत राहिली. बरंच बोलली. 'मी सिंधुताई सपकाळ' आपण दोघींनी बघितला होता, त्यात लेकीनं तरुण सिंधुताई केली आणि आईनं म्हातारी, दोघींनी मिळून एक बाई, तुला आठवतं का, असं काहीतरी. मी "हो का" म्हणाले. आठवत होतं खरं तर, "हो" म्हणायला हवं होतं. मग ती म्हणाली, "ती बाई दुसऱ्याचं वाक्य चालू असताना ऐकायची. बाकीचे आपली पाळी यायची वाट बघतात." यावरही मी "हो का" म्हणाले. अभिनयावर मी या वर्षात जे काही वाचलं, त्यातलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य होतं, आणि ते ऐकताना बहुतेक माझी जीभ टाळूला लागलेली होती.

तिनं बघितलं असणार. तेव्हा काही बोलली नाही. चार महिने ठेवलं मनात आणि आज त्या पोराच्या तोंडावर ओळखीची खूण दिसली तेव्हा सहज निघालं तोंडून. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उलटून बोलता येतं. तिनं नुसतं साम्य दाखवलं, भाजीवाल्याकडे "हा गवार तसाच आहे बघ, मागच्या वेळसारखा" म्हणते त्या आवाजात.

दिवाळीच्या सुमाराला पूर्णाआजी म्हणून रोहिणी हट्टंगडी आल्या. आई आठवडाभर हाताची घडी घालून बघत होती. मग एक दिवस हात सुटले. "जमवलं तिनं. पुण्याचीच आहे ती." याहून मोठा पुरस्कार आमच्या घरात नाही.

मालिकांना मी इतकी वर्षं नावं ठेवली. एक वाक्य झालं की सात जणांची तोंडं, प्रत्येक तोंड तीनदा, वर ढोल. आज पहिल्यांदा कळलं, ऐकू कमी येणाऱ्या बाईसाठी ती सोय आहे. कोण काय म्हणालं ते राहू दे, कुणी ते कसं घेतलं ते तिला तीनदा बघायला मिळतं. एवढा सराव झाल्यावर माझी एक दाबलेली जांभई काय चीज आहे.

रडू यायला लागलं होतं हे लिहिताना, तेवढ्यात दुसरंच आठवलं. मागच्या महिन्यात मी तिला ऑफिसातलं काहीतरी रामायण सांगत होते, नव्या साहेबाचं. ती शब्दकोडं सोडवत होती. बरोब्बर जागेवर "अगं बाई" येत होतं, बरोब्बर जागेवर "मग?". मला शंका आली. मी त्याच सुरात म्हणाले, "आणि मग लिफ्टमधून हत्ती आला." ती म्हणाली, "अगं बाई! मग?"

मशीन डबीत होतं. तेव्हाही, आणि त्याआधी कोण जाणे किती दिवस. म्हणजे मी इकडे दात आवळून ऐकल्याचं सोंग करतेय, ती तिकडे न ऐकता ऐकल्याचं, आणि दोघींचं काम इतकं चोख की घर चाललंय. दोघींनी मिळून एक बाई. तिच्या "अगं बाई"ला तर मी आजही पैकीच्या पैकी देईन, वेळ साधण्यात जयदीप अहलावत तिच्यापुढे कच्चा आहे. वहीत नाव घातलं. पाचवं.

१२.२०

पाणी प्यायला उठले तर आई जागी. झोप येत नाही म्हणाली. मी फ्रिजवरची डबी उतरवून तिच्या पुढ्यात धरली. तिनं माझ्याकडे बघितलं, मशीन कानात घातलं, ते शिट्टीसारखं वाजलं, मग गप्प झालं. मी खुर्ची ओढून बसले. बाबांची.

तिनं सिलिंडरची गोष्ट सांगितली. मंगळवारी नंबर लावला, बुधवारी मेसेज आला की सिलिंडर पोचला, पोचला कुठे, इथे तर नाही. मग फोन, मग फोनवर गाणं, मग तो मुलगा म्हणतो पत्ता चुकीचा आहे, मग वॉचमनच्या बायकोनं सांगितलं की बी विंगमध्ये एक सिलिंडर उगाचच उभा आहे. वॉचमनच्या बायकोच्या भावाचं लग्न जमतंय, ते मध्ये आलं. मुलगी जुन्नरची. परत सिलिंडर. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. खरंच बघत होते. हनुवटीवरचा तीळ मोठा झालाय, दाखवायला हवा. आणि बी विंगच्या जिन्यापाशी ती आली, सिलिंडर आता वर चढवणार, तेव्हा माझ्या घशातून एक भलीमोठी जांभई निघाली. मी दात आवळले, जीभ टाळूला लावली, सगळा जीव लावून ती परत खाली ढकलली. डोळ्यांतून पाणी आलं.

आई बोलायची थांबली. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"रडतेस काय," ती म्हणाली. "आला ना शेवटी सिलिंडर."