‘अचानक’ काही झालेलं नाही

कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींनो, भेटलो की तुमचा प्रश्न ठरलेला: “तू आधी अशी नव्हतीस. हे ‘आमचा समाज, आमचे लोक’ कधीपासून सुरू झालं?” आजवर हसून टाळलं. आता लिहूनच टाकते.

आधी नव्हते, कबूल. पण तशी बरीच मुलं नसतात. जीन फिनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ साली अमेरिकेतल्या दहावीच्या ९१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्पसंख्य गटांतल्या जवळपास निम्म्या मुलांनी आपल्या मुळांचा विचारच केलेला नव्हता. उरलेल्यांतली साधारण अर्धी शोधात होती, अर्धी काहीएक ठरवून स्थिरावलेली. गोऱ्या मुलांना मात्र या टप्प्यांत नीट बसवताच येईना. आपण ‘अमेरिकन’, यापलीकडे त्यांना काही सुचत नव्हतं. वाचताना तुम्ही आठवलात. रागावू नका.

मी सतरा वर्षांची होते. रिकाम्या तासाला कुणीतरी आमच्या लोकांच्या बोलण्याची नक्कल केली. सगळे हसले, मीही हसले. नक्कल खरंच चांगली होती. मग एकीचं लक्ष माझ्याकडे गेलं. “अगं, तुला नाही हं! तू कुठे तशी आहेस?” नक्कल नव्हती लागली, ही सारवासारव लागली. ‘हो, मी तशी नाही’ म्हणावं, तर आई आणि आजी ‘तशा’ ठरतात. ‘मी तशीच आहे’ म्हणावं, तर तशी म्हणजे कशी? त्या नकलेपलीकडे मला स्वतःलाच काही माहीत नव्हतं. तुम्ही विषय बदललात. मी पुढचा तास वहीत रेघा ओढत बसले.

राग काढला आईवर. “मला कधी काही सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू त्यांच्यात बसायलाच घाबरली असतीस.”

तेव्हा हा मला निव्वळ भित्रेपणा वाटला. पुढे मानसशास्त्रज्ञ डायॅन ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २००६ साली घेतलेला, आईवडील मुलांना आपल्या मुळांबद्दल काय सांगतात यावरच्या संशोधनाचा आढावा वाचला. घरातून इतिहास, वारसा कळला की मुलांना बहुधा बळ मिळतं. भेदभावाची आगाऊ सूचना दिल्याचे परिणाम मात्र संमिश्र. म्हणजे आई अर्धी बरोबर. कुठलं अर्धं, यावरून आम्ही अजून भांडतो.

तर हो, सुरुवात दुखण्यातून झाली. नंतरचं बरंचसं कंटाळवाणं होतं: वाचन, जुने कागद, आत्याला तेच तेच प्रश्न. अ‍ॅड्रियाना उमान्या-टेलर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ‘आपण कुठल्या लोकांतले’ या ओळखीचे तीन भाग वेगळे मोजले: तिचा शोध, तिच्याबद्दलची निश्चिती आणि तिच्याबद्दल बरं वाटणं. पहिले दोन माझे झालेत. तिसऱ्याचं खरं सांगू? समाजाच्या बैठकीत काकालोक भाषणाला उभे राहिले की मी घड्याळ बघते. तिथे मला विचारतात, “इतकी वर्षं कुठे होतीस?” त्यांनाही अजून धड उत्तर दिलेलं नाही.